पंचिंग बॅग, ग्लव्ह्ज आणि बाकीचा पसारा : पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वापरून झाल्यावरचं मत

आधीच सांगते, हा एका वस्तूचा रिव्ह्यू नाहीये. बॉक्सिंगची नाहीतर किकबॉक्सिंगची बॅच लावली की महिन्याभरात प्रत्येकाला सामान घ्यायची खाज सुटते, आणि हल्ली ऑफिसमधले, सोसायटीतले, बहिणीच्या मैत्रिणी असे सगळे मला विचारतात की बॅग कुठली घेऊ, ग्लव्ह्ज किती औंसाचे, ते डोक्याला बांधायच्या बॉलने खरंच काही होतं का. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी शाळेत असताना कराटे केलं, ब्राऊन बेल्टपर्यंत, मग नोकरी लग्न वगैरे झालं आणि आता काही वर्षं सिंहगड रोडला संध्याकाळच्या बॅचला बॉक्सिंग करते, मधेमधे थोडं मुए थाई, म्हणजे थायलंडचं किकबॉक्सिंग. स्पर्धा खेळत नाही आणि खेळायचं वयही नाही. त्यामुळे ज्यांना नॅशनल्स खेळायच्यात त्यांनी आपल्या कोचला विचारावं, हे मत त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या घरात जागा कमी, खालच्या मजल्यावर माणसं राहतात, पावसाळ्यात चार महिने सगळं दमट असतं आणि पैसे स्वतःच्या खिशातले जातात. आणि माझं मत थोडक्यात असं की लोक निम्म्याहून जास्त पैसे बॅगेवर घालतात, तेच पॅड, म्हणजे ठोसे झेलायच्या हातातल्या गाद्या, धरणाऱ्या चांगल्या माणसावर घातले तर हात कितीतरी लवकर सुधारतो. बॅग घेऊ नका असं म्हणत नाही, माझ्या घरी आहे, पण तिचा नंबर शेवटी लागतो.

हँड रॅप्सपासून, म्हणजे ग्लव्ह्जच्या आत हाताला गुंडाळायच्या कापडी पट्ट्यांपासून, सुरू करते कारण ते सगळ्यात स्वस्त आणि लोक नेमकं तेच टाळतात. हातात मनगटापासून बोटांपर्यंत २७ हाडं आहेत, मूठ एखाद्या वजनदार गोष्टीवर आपटली की तळहातातली लांब हाडं एकमेकांपासून फाकायला बघतात, रॅप्स त्यांना बांधून ठेवतात आणि मनगट वाकू देत नाहीत. मऊपणासाठी ते नसतातच, ते काम ग्लव्ह्जचं. करंगळीखालचं हाड मोडतं त्याला डॉक्टर लोक बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, पण शिकलेल्या बॉक्सरपेक्षा ते रागाच्या भरात दारावर भिंतीवर ठोसा मारणाऱ्यांनाच जास्त होतं, कारण अशा वेळी मूठ करंगळीच्या बाजूने लागते, आणि लागायला हवी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींनी. लांबी दोन प्रकारची मिळते, १०८ इंच आणि १८० इंच. मी गावातल्या एका स्पोर्ट्सच्या दुकानात गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई लेडीजना १०८ पुरतं, १८० जेन्ट्सचं." नाही पुरत हो. १०८ मधे मनगटाला दोन फेरे आणि गाठींवर दोन फेरे झाले की संपलं, बोटांच्या मधून तीनदा क्रॉस घ्यायला काही उरतच नाही. १८० म्हणजे साधारण साडेचार मीटर, तेच घ्या, थोडं इलॅस्टिक असलेलं कापड घ्या, एकदम ताठ सुती पट्टी गोळा होते आणि सुटते. आत हात घालायचे ते तयार जेलचे मोजे मिळतात ते घाईच्या दिवसासाठी ठीक आहेत, मनगटाला त्यांचा आधार नाही. एक घरगुती सूचना, रॅप्स वॉशिंग मशीनला जाळीच्या पिशवीत घालून टाका, नाहीतर त्याचं वेल्क्रो जी साडी दिसेल तिला चिकटतं आणि मग घरात जे होतं ते होतं.

आता ग्लव्ह्ज. औंस म्हणजे साइज नाही, वजन आहे, एका ग्लव्हचं. १ औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम, म्हणजे १६ औंसाचा एक ग्लव्ह जवळजवळ साडेचारशे ग्रॅमचा होतो, आणि तीन मिनिटं हात गालाशी धरून ठेवायचे म्हटलं की तिसऱ्या मिनिटाला हे साडेचारशे ग्रॅम चांगलेच जाणवतात. ॲमॅच्युअर स्पर्धेत वजनगटाप्रमाणे १० किंवा १२ औंस घालतात, बॅगेवर १० ते १२, आणि स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, १४ किंवा १६, कारण स्पारिंगमधे समोरच्याचं नाक आपल्याला परत करायचं असतं. एकच जोडी घ्यायची असेल तर बायकांनी १२ आणि पुरुषांनी १४ घ्यावेत असं माझं मत, मात्र बॅगेवर मार खाऊन फोम बसलेले ग्लव्ह्ज घालून स्पारिंगला उभं राहू नका, कुठलाही बरा कोच राहू देणारच नाही.

दुकानात बघायच्या गोष्टी सांगते कारण ऑनलाइन फोटोत हे कळत नाही. एक म्हणजे रॅप्स बांधून मगच ग्लव्ह घालून बघा, दुकानदार कितीही उसासे टाकू देत. आत मूठ पूर्ण वळली पाहिजे, काही ग्लव्ह्जमधे फोम इतका ताठ असतो की मूठ अर्धवट उघडीच राहते आणि मग ठोसा बोटांच्या मधल्या पेरावर लागतो. अंगठा ग्लव्हच्या अंगाला शिवून जोडलेला हवा, सुटा नको. मग गाठींच्या जागी अंगठ्याने जोरात दाबून बघा, खालचा टणक तळ लागला तर तो ग्लव्ह चार महिन्यांत मेला म्हणून समजा. आणि मनगटाचा पट्टा रुंद हवा. माझी रोजची जोडी जालंधरहून बनून आलेली आहे, आपल्याकडे या सामानाची मोठी गावं म्हणजे जालंधर आणि मेरठ, आणि खरं सांगायचं तर दीड-दोन हजारांच्या पुढे गेलात की देशी माल बॅगेसाठी व्यवस्थित असतो. बॅचमधल्या एकीजवळ थायलंडच्या फेअरटेक्स कंपनीचे आहेत, घालून बघितले, हातात बसतात मात्र असे की काढावेसे वाटत नाहीत, लेदर वेगळं आणि फोमचे थर नीट. पण किंमत आपल्याकडे कितीतरी पट पडते, आणि आठवड्यातून तीनदा येणाऱ्याला तेवढी गरज नाही. जपानचे विनिंग हा तर वेगळाच विषय, ते फक्त फोटोत बघावेत आणि पुढे जावं.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे जूनपासूनचा पावसाळा. पुण्यात पीयूचे म्हणजे खोट्या लेदरचे ग्लव्ह्ज दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडायला लागतात, काळे तुकडे बॅगेला, कपड्यांना, गालाला, सगळीकडे चिकटतात. खऱ्या लेदरला तो त्रास नाही पण बुरशी धरते, कपाटाच्या खालच्या कप्प्यात आठ दिवस ठेवून बघा, हिरवट पांढरी साय दिसते. उपाय साधा आहे, घरी आल्या आल्या सामानाच्या बॅगेतून बाहेर काढायचे, आत सकाळचा पेपर चुरगळून कोंबायचा, पट्टा उघडा ठेवून पंख्याखाली टांगायचे आणि रात्री पेपर बदलायचा. कडक उन्हात ठेवू नका, लेदर कडक होऊन चिरतं. वासासाठी स्प्रे मिळतात ते वासावर वास चढवतात, दुसरं काही नाही.

बॅगेकडे येते. तीन फूट, चार फूट, पाच, सहा अशा मिळतात, निव्वळ बॉक्सिंगला चार फूट पुरे, लो किक म्हणजे मांडी-नडगीवरच्या खालच्या लाथा मारायच्या असतील तर सहा फुटी लांब बॅग हवी, तिला बनाना बॅग म्हणतात. वजनाचा ठोकताळा असा की आपल्या वजनाच्या निम्मं. याहून हलकी बॅग दोन ठोशात झोके घ्यायला लागते आणि मग तुम्ही तिच्या मागे पळत बसता.

इथे भरलेली आणि रिकामी असे दोन पर्याय असतात. रिकामी स्वस्त पडते आणि कुरिअरचा खर्चही वाचतो, पण भरणं हे खरोखर एक रविवारचं काम आहे. वाळू भरू नका, कुणी कितीही सांगितलं तरी, वाळू हळूहळू खाली बसते, तळाचा फूटभर भाग दगड होतो आणि वरचा भाग पोकळ, म्हणजे जॅब, तो पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मऊ लागतो आणि लो किकला नडगी सडकून निघते. कापडाच्या चिंध्याच पाहिजेत. आमच्या कोपऱ्यावरच्या टेलरकाकांकडून मी कतरणीची दोन पोती आणली, त्यांना फेकायचीच होती, वर जुन्या चादरी आणि नवऱ्याचे टीशर्ट. बटणं, चेन, हूक सगळं कापून काढायचं, एकसुद्धा जीन्सचं रिव्हेट राहता कामा नये. मग थर टाकायचा, लाकडी दांडक्याने ठेचायचा, बॅग फिरवायची, परत थर. कडेला घट्ट आणि मधे थोडं सैल असं कधीच करू नका, चिंध्या पुढे कडेला सरकतात आणि मधे खड्डा पडतो. पहिल्या महिन्यात माल बसतो, वरून अजून भरावा लागतो, तेव्हा सगळ्या चिंध्या एकदम संपवू नका.

टांगायचं कुठे हा पुण्यातला खरा प्रश्न. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला तर विषयच नाही, पंख्याच्या हुकाला पण मी टांगणार नाही, पंख्याचं वजन शांत असतं, बॅगेचं वजन दर ठोशाला झटका देतं. माझ्याकडे उत्तर घरातच होतं, झोपाळ्याच्या कड्या. बाल्कनीलगतच्या जागेत सासूबाईंचा झोपाळा आहे, स्लॅबमधे आरपार बोल्ट आणि वर प्लेट असं जुनं पक्कं काम. आईंना विचारलं तर आधी म्हणाल्या, "अगं त्या कड्यांना लक्ष्मीसारखा झोपाळा लावलाय, तिथे पोतं कसलं टांगतेस." मग तह झाला, सकाळी बॅग, दुपारी चारनंतर झोपाळा. फक्त एका कडीला टांगलं की बॅग भिंतीच्या फार जवळ येत होती, म्हणून दोन कड्यांमधे एक आडवी पट्टी टाकून मधोमध हूक करायचा ठरवला. धायरीतल्या एका फॅब्रिकेटरकडे गेले, त्याने माप घेतलं आणि विचारलं, "ताई, पाळण्यासाठी ना? बाळ किती महिन्यांचं?" बॅग म्हटल्यावर दोन मिनिटं शांत बसला आणि मग पट्टी जाड घेतली, स्वतःहूनच. वर स्प्रिंग आणि फिरती कडी लावली, साखळीचा खणखणाट स्प्रिंगमुळे बराच कमी होतो. महिन्यातून एकदा स्टूलावर चढून नट तपासायचे, यात आळस नको. भाड्याच्या घरात असाल तर मालकाच्या लेखी परवानगीशिवाय स्लॅबला ड्रिल लावू नका, डिपॉझिट परत मिळताना तो हूक पाच हजारांना पडतो. आणि आवाज, त्याबद्दल कोणी दुकानदार सांगत नाही. तुम्हाला वाटतं ठोशाचा आवाज, पण स्लॅबमधून वरच्या मजल्यावर धप धप जातं आणि तुमच्या पायांचं खालच्या मजल्यावर. आमच्या खालचे आजोबा वर येऊन एवढंच म्हणाले, "सुनबाई, सात वाजेपर्यंत चालेल, त्यानंतर माझा रेडिओ असतो," तेव्हापासून पायाखाली मुलांच्या खेळायच्या जागेतल्या रबरी मॅट आहेत आणि सात वाजता बंद.

बॅग शिकवते काय? दम शिकवते, आणि हाडं सरळ रेषेत लावून आपटायचं शिकवते. नवीन माणूस बॅगेला ठोसा मारत नाही, कणीक तिंबल्यासारखा ढकलतो, आणि बॅग लांब झोके घेते म्हणून त्याला वाटतं की वा काय ताकद आहे. खरा ठोसा लागला की बॅग फार हलत नाही, जागच्या जागी दचकते आणि आवाज तुटक येतो. ताकद मागच्या टाचेपासून निघते, टाच फिरते, कंबर फिरते, खांदा हनुवटीपाशी येतो आणि हात सगळ्यात शेवटी, आणि गेला त्याच रस्त्याने परत गालाशी येतो. हा परत येणारा हात बॅगेवर सगळ्यात आधी बिघडतो कारण बॅग उलटा मारत नाही. मी स्वतः मोबाइल खुर्चीवर ठेवून शूट करते, तीन मिनिटं आणि मग एक मिनिट विश्रांती, हा हिशोब बॉक्सिंगच्या १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आलाय आणि अजून त्यापेक्षा चांगला सापडलेला नाही, आणि मग व्हिडिओत बघते की दुसऱ्या मिनिटाला उजवा हात कुठे उतरलाय. बहुतेक वेळा छातीशी. तासभर बॅग बडवणाऱ्या लोकांचं मला कौतुक नाही, चाळीसाव्या मिनिटाला ते जे करतात त्याला सवय लागते आणि ती चुकीची सवय लागते.

म्हणून पॅड. फोकस मिट्स म्हणजे ते तळहाताएवढे गोल-चपटे, आणि थाई पॅड म्हणजे कोपरापर्यंत बांधायचे जाड ठोकळे, ज्यांच्यावर किक पण घेता येते. आमचे सर रिटायर्ड फौजी आहेत, पुण्यात असे कोच बरेच सापडतात कारण आर्मीचं स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट मुंढव्याला आहे आणि लष्करातल्या बॉक्सिंगचा वारसा इथे जुना आहे. सर बोलत नाहीत फारसे. पॅड वर आला की जॅब, दोन आले की वन-टू, म्हणजे जॅब आणि लगेच मागच्या हाताचा सरळ ठोसा, तो क्रॉस, पॅड आडवा झाला की हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, आणि माझा डावा हात परत यायला अर्धा सेकंद जरी उशीर झाला की त्याच पॅडची टपली कानशिलावर. लागत नाही, अपमान होतो. त्या एका टपलीने जे शिकवलं ते घरच्या बॅगेने कधी शिकवलं नसतं. अंतर कळतं, कारण सर मागे सरकतात, पुढे घुसतात, बाजूला होतात, आणि बॅग आपली तिथेच. वेळ कळते. डोळे कुठे ठेवायचे ते कळतं, त्यांच्या छातीवर, पॅडवर नाही.

पण पॅड धरणं ही स्वतंत्र विद्या आहे आणि इथेच क्लासेसमधला मोठा फरक दिसतो. क्लास बघायला जाल तेव्हा रिंग किती मोठी, एसी आहे का, आरसे किती हे बघू नका, कोच पॅड कसा धरतो ते बघा. हात बाजूला पसरून पंख फुटल्यासारखे पॅड धरत असेल तर विद्यार्थी हवेत कुठेतरी मारायला शिकतो, पॅड तिथे हवा जिथे समोरच्याचं तोंड असतं. ठोसा येताना पॅडने इंचभर पुढे येऊन त्याला भेटायचं असतं, फटकारायचं नसतं, नाहीतर धरणाऱ्याचं कोपर जातं आणि मारणाऱ्याला आपल्या ताकदीचा खोटा भ्रम होतो, नुसता आवाज मोठा. एका चकाचक ठिकाणी मी ट्रायल घेतला होता, नाव घेत नाही, तिथे वीस माणसं, मोठं म्युझिक, पॅड धरणारा मुलगा एकाचवेळी स्टोरी शूट करत होता आणि माझी वाकलेली मनगटं त्याला दिसलीच नाहीत. घाम भरपूर आला. घाम यायला पर्वती पण आहे, फुकट.

घरच्या घरी पॅड धरायला कुणाला तरी तयार करता येतं. माझी भाची धरते, बारावीतली पोरगी आहे, तिला आधी फक्त जॅबसाठी शिकवलं, कोपर अंगाशी ठेव, मनगट ताठ ठेव, डोळे मिटू नकोस. मिट्सची जोडी हजाराच्या आसपास मिळते, आतला हातमोजा घट्ट बसतोय का बघा, सैल मिट हूकला फिरतो आणि बोट मुरगळतं.

माकिवाराबद्दल कराटेवाले विचारतात म्हणून. जपानच्या ओकिनावा बेटाची वस्तू, जमिनीत पुरलेली लाकडी फळी, बुंध्याला जाड आणि वर पातळ होत गेलेली, टोकाला पूर्वी भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळायचे. सगळी गंमत त्या पातळ होत जाण्यात आहे, ठोसा बसला की फळी मागे वाकते आणि जितकी वाकते तितका विरोध वाढतो, त्यामुळे शेवटच्या इंचापर्यंत अंग सरळ रेषेत आहे का ते तिथेच कळतं. आमच्या शाळेच्या मागच्या पटांगणात एक होता, सरांनी सुंभ गुंडाळलेला, डाव्या बाजूला सुंभ काळपट आणि गुळगुळीत झालेला कारण तिथे सगळी पोरं हाताच्या कडेने मारून बघायची. आता ऑनलाइन जो भिंतीवर ठोकायचा माकिवारा म्हणून मिळतो, प्लायवूडवर इंचभर फोम आणि वर कॅनव्हास, तो अजिबात वाकत नाही. म्हणजे तो माकिवारा नाही, पातळ गादी लावलेली भिंत आहे. घेऊ नका. आणि लहान मुलांना तर कुठल्याच कडक वस्तूवर जोरात मारायला लावू नका, त्यांची हाडं अजून वाढत असतात, मुठीवर घट्टे पडले म्हणजे पोरगा तयार झाला हे जुनं वेड आहे.

फ्लॅटवाल्यांसाठी माझी सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे डबल एंड बॅग. छोटा चेंडू, वरून एक आणि खालून एक अशा लवचिक दोऱ्यांनी ताणलेला. आवाज जवळजवळ नाही, वजन नाही, साध्या हुकावर चालते, खाली मी लोखंडी डंबेलला बांधते. मारलं की परत तुमच्या तोंडावर येते, तिरकी, आणि दर वेळी वेगळी, म्हणजे मारून झाल्यावर डोकं हलवलं नाही तर नाकावर येणार. सुरुवातीला दहातले आठ ठोसे हवेत जातात आणि माणूस चिडतो, चिडू द्या. दोऱ्या जास्त ताणल्या की वेग वाढतो, नवख्यांनी सैल ठेवावी. स्पीड बॅग, ती उलट्या पेरूच्या आकाराची टपटप वाजणारी, दिसायला सगळ्यात भारी आणि खांद्याचा दम आणि ताल वाढवते हे खरं, पण तिला लाकडी फळी आणि भक्कम भिंत लागते, आणि सोसायटीत तो आवाज म्हणजे रोज वरात. क्लासमधे असेल तर वापरा.

त्याहून स्वस्त, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. खोलीच्या या टोकाला खिडकीचा गज, त्या टोकाला दाराची कडी, दोरी खांद्याच्या उंचीवर ताठ बांधा आणि गुडघे वाकवून तिच्या खालून डावीकडे उजवीकडे जात पुढे चालत जा, मधेमधे ठोसे. मोठमोठे बॉक्सर हेच करतात. मांड्या दुसऱ्या फेरीला बोलायला लागतात. संध्याकाळी त्याच दोरीवर टॉवेल.

डोक्याला पट्टा आणि पट्ट्याला इलॅस्टिकने बांधलेला बॉल, तो रिफ्लेक्स बॉल, दोन-तीनशे रुपयांची करमणूक आहे, नजर बसते, ठोसा शिकवत नाही कारण त्यात हात सरळ फेकला जात नाही, नुसता टिचक्या मारत राहतो. मुलं खूश असतात. आणि ते भिंतीवर चिकटवायचं म्युझिकचं दिव्यांचं मशीन, ब्लूटूथवालं, त्याच्याबद्दल वाईट लिहायला मला आनंद होतोय. दिवा लागेल तिथे मारायचं आणि स्कोअर वाढतो. मशीन दिव्यावर हात पोचला का एवढंच मोजतं, कसा पोचला ते नाही, त्यामुळे चापट मारली तरी गुण मिळतात आणि पोरं पंधरा मिनिटांत चापटच मारायला लागतात. ताय्क्वांदोत ऑलिम्पिकला चिलखतात सेन्सर असतात हे ऐकून काही पालक म्हणतात की हे पण तसंच, अहो तिथे जोर किती हवा ते वजनगटाप्रमाणे ठरलेलं असतं, इथे मांजराने पंजा मारला तरी हायस्कोअर. वर ते चिकटपट्टीवर असतं, आपल्या रंगवलेल्या भिंतीवरून पोपड्यासकट खाली येतं. आमच्या शेजाऱ्यांकडे आलं.

बाकी थोडक्यात. दातांचा गार्ड, गरम पाण्यात मऊ करून चावायचा, स्पारिंगला लागतोच, त्यात तडजोड नाही. हेडगार्डबद्दल लोक वाद घालतात कारण २०१६ च्या रिओपासून ऑलिम्पिकमधे पुरुष हेडगार्डशिवाय खेळतात आणि बायकांना मात्र घालावा लागतो. निखत झरीन, लवलीना यांच्या मॅच बघून आलेल्या पोरी विचारतात की आम्ही घालू का नको, तर क्लासमधे घाला, भुवई फुटून सोमवारी ऑफिसला जायचं नसेल तर. फक्त लक्षात ठेवा, हेडगार्ड चिरा आणि सूज थांबवतो, डोक्याला बसणारा हादरा नाही थांबवत, म्हणून हेडगार्ड घातलाय म्हणून जोरात मारा असं सांगणाऱ्या कोचकडे परत जाऊ नका. नडगीचे गार्ड मुए थाईला हवेत, मोज्यासारखे पातळ नकोत, वेल्क्रोचे जाड घ्या.

राहता राहिली उभी बॅग, खालच्या प्लास्टिकच्या पिंपात पाणी किंवा वाळू भरायची ती. ड्रिल नको, कड्या नकोत, म्हणून सगळ्यांना मोह होतो. माझ्या दादाने हौसेने घेतली आणि वहिनीने आमच्याकडे पाठवली. पाणी भरलं तर जोरदार क्रॉसला फरशीवरून सरकते, दर दोन मिनिटांनी तिला जागेवर आणा. वाळू भरली तर बरी टिकते पण मग हलवायला दोन माणसं लागतात आणि झाडू मारताना रोज भांडण. मान पातळ असल्यामुळे हूक मारला की मागे जाऊन सपकन परत येते, त्या वेळात शरीर सावरता येत नाही. किक पोटाच्या उंचीवर ठीक, लो किक मारली की पाय पिंपाच्या कडेवर, एकदा लागलं की परत कोणी मारत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र एकदम योग्य आहे, उंची कमी करता येते आणि मऊ आहे. दादा म्हणतोय की देऊन टाक कुणाला, तर सिंहगड रोडच्या आसपास कुणाचा मुलगा मुलगी नुकतीच क्लासला जायला लागली असेल तर घेऊन जा, पैसे नकोत, पिंपातलं पाणी मी काढून ठेवते, फक्त टेम्पो किंवा मोठी गाडी आणा, रिक्षात बसत नाही, बघून झालंय.